चेरीचे डाग

अंगातला कोट काढायच्या आधी फिनमावशी रोज सकाळी एकच गोष्ट करायची. टेबलावर येऊन पडलेल्या गठ्ठ्यातला एकेक फॉर्म उचलायची, खिडकीशी उभी राहायची आणि कागदावरून तळहात फिरवायची. वाचायची नाही, नुसता हात. फॉर्मच्या पुढच्या बाजूला वीस प्रश्न आणि पेन्सिलीनं भरायच्या चौकटी असत. मागे एकच ओळ, ‘आणखी काही सांगायचं आहे?’ आणि खाली कोरी जागा. मागे कुणी दाबून लिहिलं असलं की त्याचे उंचवटे पुढून हाताला लागत.

“हा रागावलाय,” ती म्हणायची. किंवा, “हिला लिहायचं होतं गं. पेन टेकवलंय आणि उचललंय.”

मग कोट खुंटीला, आणि कॉफी.

आमची कचेरी नर्सिंग कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर होती. खिडकीखाली मास नदी, पलीकडे कोळशाच्या जुन्या ढिगाऱ्यांवर उगवलेली झाडं. काम एकच: प्रत्येक ब्लॉक संपला की मुलांना तो कसा वाटला हे फॉर्मवरून मोजायचं आणि अभ्यासक्रम समितीला कळवायचं. मी साहित्य शिकून तिथं आले होते, दुसरी नोकरी मिळेपर्यंत म्हणून, आणि तीन वर्षं तिच्या समोरच्या टेबलावर बसले. तिचं पूर्ण नाव सेराफिन होर्बाख. पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तिला फिनमावशीच म्हणत. वय सत्तावन्न. शिक्षण म्हणाल तर मुलींच्या गृहशाळेतली तीन वर्षं आणि टायपिंग.

वडील खाणीत दिव्यांच्या खोलीवर होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला दिवा द्यायचा आणि त्याचा पितळी बिल्ला फळ्यावर टांगायचा. पाळी संपली, दिवे परत आले की बिल्ले परत. फळ्यावर एखादा बिल्ला उरला तर खाली कुणीतरी राहिलंय. लहानपणी ती वडिलांचा डबा घेऊन जायची तेव्हा आधी फळ्याकडे बघायची, मग वडिलांकडे. पुढे खाणी बंद झाल्या, फळे भंगारात गेले, आणि फिनमावशी स्वतःचा टाइपरायटर काखेत मारून नव्या कॉलेजात आली.

कॉलेजची पद्धतही नवी होती. वर्गात उभं राहून कुणी शिकवायचं नाही. दहा मुलं एका टेबलाभोवती बसायची आणि मध्ये कागदावर एक अडचण मांडलेली. अमुक बाईंना जिना चढताना धाप लागते, का? मुलांनी वाद घालायचा, आपल्याला काय माहीत नाही ते फळ्यावर लिहायचं, ते शोधून आणायचं आणि पुढच्या बैठकीत एकमेकांना सांगायचं. सात पायऱ्या, ठरलेल्या क्रमानं. ट्यूटर टेबलाशीच बसतो, पण शक्यतो तोंड मिटून. असे सहा आठवडे म्हणजे एक ब्लॉक. शेवटच्या बैठकीत फॉर्म.

पहिल्या वर्षी शंभरातले चाळीस फॉर्म परत आले. फिनमावशीला झोप लागेना. साठजण खालीच राहिले होते.

मग तिनं उपाय काढला. तिच्या बहिणीची, नेल्केची, बेकरी होती. शेवटच्या बैठकीला प्रत्येक गटाच्या टेबलावर एक व्लाय आणायची. थाळीएवढी, पिठाच्या पारीत काठोकाठ फळं भरून भाजलेली, आमच्याकडे बारशाला आणि मयताला दोन्हीकडे लागते ती. व्लाय खायला मुलं बसतात, आणि बसली की फॉर्म भरतात. दुसऱ्या वर्षी शंभरातले शहाण्णव परत आले. संचालकांनी तिला अभिनंदनाचं पत्र दिलं. ते चौकटीत घालून आमच्या कचेरीच्या भिंतीवर तेव्हापासून टांगलेलं होतं. पुढे व्लाय आणा असं कुणाला सांगावं लागेनासं झालं. आमच्या भागातल्या माणसाला ते सांगावं लागतही नाही.

मला सांगायचा आहे तो १९९४च्या मार्चमधला आठवडा. त्या वर्षी फॉर्म वाचायचं यंत्र आलं होतं. करड्या रंगाचं, फ्रीजएवढं. भरलेल्या चौकटी ते स्वतःच मोजायचं आणि न कळणारा कागद डाव्या खणात थुंकायचं. डाव्या खणातले फॉर्म फिनमावशी हातानं मोजायची.

मंगळवारी सकाळी तिनं दोन गठ्ठे यंत्रातून काढले. एक ‘हृदय’ नावाच्या ब्लॉकचा, डॉक्टर फ्रान्सेन यांनी बांधलेला. फ्रान्सेन समितीचे अध्यक्षही होते. दुसरा सीत्स्केचा.

सीत्स्के देशाच्या उत्तरेकडची, फ्रीसलंडची. उंच, कोरड्या आवाजाची, तिशीतली. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे तात्पुरत्या जागेवर आली आणि तिनं एक ब्लॉक बांधला, ‘घरी सोडलं’. त्यातली अडचण साधीच. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याला दवाखान्यानं घरी सोडलंय, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, बायकोला नीट दिसत नाही. आता कुणी काय करायचं? पुस्तकात उत्तर नाही. मुलं सहा आठवडे भांडायची.

आदल्या वर्षी त्या ब्लॉकला दहापैकी ५.४ मिळाले होते. सहाच्या खाली म्हणजे नापास. सलग दोन वर्षं नापास झालेला ब्लॉक बंद, असा नियम होता. ब्लॉक बंद म्हणजे सीत्स्केची जागाही बंद. समितीची बैठक गुरुवारी दहा वाजता.

यंत्रानं पट्टी बाहेर टाकली. ‘हृदय’ ८.४. ‘घरी सोडलं’ ५.३.

“गेली बिचारी,” मी म्हटलं.

फिनमावशी डाव्या खणाकडे बघत होती.

“पोरी, हे किती आहेत?”

मी मोजले. एकतीस फॉर्म यंत्रानं नाकारले होते. सगळ्यांवर लालसर जांभळे ठिपके, बोटांचे ठसे, एकावर तर वाटीएवढं वर्तुळ. चेरीचा रस सुकला की यंत्राला तो पेन्सिलीची खूण वाटायचा.

“कुठल्या ब्लॉकचे?”

“एकतीसच्या एकतीस ‘हृदय’चे.”

“आणि सीत्स्केचे?”

“एकही नाही.”

ती उठली. सीत्स्केचे ऐंशी फॉर्म घेऊन खिडकीशी गेली आणि एकेक उजेडात धरत गेली. ना डाग, ना चुरा, ना साखर. नुकते छापून आलेले असावेत तसे. तिनं तळहात फिरवला आणि भाजल्यासारखा मागे घेतला.

“अगं, हे तर खोदून लिहिलंय सगळं!”

मागच्या बाजू गच्च भरलेल्या होत्या. आम्ही दोघी उभ्याउभ्याच वाचायला लागलो. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘मी इतकी चिडले की आजीच्या इमारतीत जाऊन पायऱ्या मोजल्या. चोपन्न. आजी वर्षभर खाली उतरलेली नाही, हे मला माहीत नव्हतं.’ दुसऱ्यानं, ‘नगरपालिकेला फोन केला. ते म्हणाले, या आठवड्यात हे विचारणारे तुम्ही चौथे. आम्ही चौघे एकाच गटातले होतो.’ आणखी एक, ‘हा ब्लॉक वाईट आहे, कारण तो संपत नाही.’

मग तिनं ‘हृदय’चा गठ्ठा उलटा केला. कोरा. कोरा. कोरा. एकावर लिहिलेलं, ‘मस्त!’ आणि खाली चेरी.

फिनमावशीनं फोन उचलला.

“सीत्स्के? फिन बोलतेय. एक विचारते, राग मानू नकोस. शेवटच्या बैठकीला मुलांना खायला काय दिलंस?”

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

“कॉफी. बरं. आणि?... बिस्कीट. किती बिस्किटं गं?... एकेक.” तिनं डोळे मिटले. “आणि मग डबा काय केलास? झाकण लावलंस. आणि तुझ्या ब्लॉकच्या बाकीच्या ट्यूटरना पण तूच सांगितलंस? बिस्किटंच? आठही गटांना? हो, हो, तुमच्या उत्तरेकडे तसंच असतं, माहीत आहे मला. नाही गं, काही झालं नाही. तू इकडे ये. आत्ता ये.”

फोन ठेवून ती खुर्चीत बसली आणि इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग हसू अर्ध्यावरच थांबलं. भिंतीवरच्या चौकटीकडे बघत ती म्हणाली, “ही व्लाय मीच आणली ना गं इथं.”

सीत्स्के आली तोवर आम्ही तळघरातून आदल्या वर्षीच्या पेट्या वर आणल्या होत्या. तेव्हा यंत्र नव्हतं, सगळं हातानं मोजलेलं, त्यामुळे डागांकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आता गेलं. कचेरीच्या जमिनीवर आम्ही तिघींनी ढीग लावले. चेरीचा गट, जर्दाळूचा गट, भाताच्या व्लायचा गट (तिचे डाग पिवळे आणि तेलकट), आणि स्वच्छ. फिनमावशी गुडघ्यांवर बसून कागद नाकाला लावायची.

“मावशी, वास कसला घेताय?”

“भाताची की जर्दाळूची बघतेय. हा वासावरून कळत नाही, चाखून बघू?”

“वर्षभर जुना आहे तो!”

“नेल्केची व्लाय आहे, काही होत नाही.”

चार वाजता बेरीज झाली. डागाळलेल्या गटांची सरासरी ७.९. स्वच्छ गटांची ६.१. मी ओरडलेच. फिनमावशीनं माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

सीत्स्के मात्र जमिनीवर मांडी घालून आकड्यांकडे बघत होती.

“पण असंही असेल ना,” ती सावकाश म्हणाली, “की जे गट आधीच खूश होते त्यांनीच व्लाय आणली. व्लायमुळे खूश झाले असं यातून कुठं दिसतं?”

“तुझीच नोकरी जातेय, बाई!” फिनमावशी म्हणाली. “तू कुणाच्या बाजूनं आहेस?”

“मी फक्त विचारतेय.”

“आणि फ्रान्सेन गुरुवारी हेच विचारतील,” मी म्हटलं.

खाली नदीवरून रेतीची होडी गेली. मग फिनमावशी गुडघे झटकत उठली, खडू घेतला आणि फळ्यावर एक ते सात आकडे लिहिले.

“अठरा वर्षं या सात पायऱ्या टाइप करतेय. दर ब्लॉकच्या पुस्तकात पान तीनवर. कधी कुणी मला टेबलाशी बसवलं नाही. आज करून बघू या. पहिली पायरी काय?”

“न कळलेले शब्द विचारायचे,” सीत्स्के म्हणाली.

“मला न कळलेला शब्द ‘चांगला’. फॉर्मवर विसाव्या प्रश्नात आहे. ब्लॉक चांगला होता का? चांगला म्हणजे काय? पोट भरल्यावरचं चांगलं की डोकं दुखल्यावरचं?” तिनं तो शब्द फळ्यावर लिहिला. “दुसरी?”

“अडचण नेमकी काय ते ठरवायचं.”

“अडचण अशी, की आपण ब्लॉक मोजतोय की व्लाय. तिसरी? डोक्यात येईल ते बोलायचं. बोल पोरी.”

मी काहीबाही बोलले. सीत्स्केनं तिसऱ्या वाक्याला खोडलं. फिनमावशीनं दोघींना गप्प केलं, मग स्वतः बोलली, मग स्वतःचंच खोडलं. तिचे गाल लाल झाले होते आणि खडूची पूड केसांत गेली होती. पाचव्या पायरीवर फळ्यावर एकच प्रश्न उरला: एकाच ब्लॉकचे गट घेतले, सगळ्यांना तीच व्लाय दिली, फक्त निम्म्यांनी फॉर्म आधी भरला आणि निम्म्यांनी नंतर, तर काय होईल?

“पण असा ब्लॉक आणायचा कुठून?” सीत्स्के म्हणाली. “परवा बैठक.”

फिनमावशी भिंतीवरच्या वेळापत्रकाशी गेली. तिचं बोट खाली घसरत गेलं आणि थांबलं.

“उद्या,” ती म्हणाली. “पहिल्या वर्षाचा ‘श्वास’. दहा गट. शेवटची बैठक, दुपारी दोन वाजता.”

बुधवार मला सबंध आठवतो. सकाळी तिनं दहा ट्यूटरना फोन केले. यंत्र बिघडतं, म्हणून या वेळी फॉर्म मी स्वतः आणून देणार आणि स्वतः नेणार, असं सांगितलं. हे अगदीच खोटं नव्हतं. नेल्केला सांगून दहाही व्लाय एकाच भट्टीतून, चेरीच्याच मागवल्या. मग आपली लोकरी टोपी उलटी धरून त्यात दहा चिठ्ठ्या टाकल्या. “तू काढ,” ती सीत्स्केला म्हणाली, “तुझा हात प्रामाणिक आहे.” पहिले पाच निघतील ते गट फॉर्म आधी भरणार. त्या पाच गटांच्या व्लाय आम्ही कचेरीतल्या कपाटावर ठेवल्या आणि दाराला कडी लावली.

सव्वादोनला दार वाजलं. गट सातमधला एक ताडमाड मुलगा दोन मैत्रिणींना घेऊन आला होता.

“मावशी, शेजारच्या गटाला व्लाय मिळाली. आमची कुठंय?”

“अटकेत आहे.”

“काय गुन्हा केला तिनं?”

“फॉर्म भरा, गोळा करून आणा, आणि जामिनावर सोडवून न्या.”

“रिकाम्या पोटी?”

“रिकाम्या पोटी माणूस खरं बोलतो. पळ!”

पाऊण तासात ती त्या लांबलचक व्हरांड्यातून किती वेळा आली-गेली ते मी मोजलं नाही. तिच्या चपलांचा फटफट आवाज जिन्यावरून वर यायचा, हातात फॉर्म, चेहऱ्यावर घाम, “गट तीन, आधी! गट आठ, नंतर! सरमिसळ करू नकोस गं!” सीत्स्के कागदांवर खुणा करत होती, मी यंत्राला भरवत होते. तीन वाजता शेवटचा फॉर्म आला. शंभरातले शंभर. फिनमावशीनं ते दोनदा मोजले आणि छातीशी धरले.

मग आम्ही तिघी यंत्रासमोर उभ्या राहिलो. ‘नंतर’वाल्या गटांचे बरेचसे कागद डाव्या खणात पडले, ते हातानं मोजावे लागले. फिनमावशी आकडे मोठ्यानं सांगत होती, सीत्स्के लिहीत होती. मला माझ्या छातीचे ठोके ऐकू येत होते. एका कॉलेजच्या एका कचेरीत, काही फॉर्म. तरी येत होते.

व्लाय खाऊन भरलेले: ७.७.

व्लायच्या आधी भरलेले: ६.३.

सीत्स्केनं भागाकार पुन्हा केला. तोच आला. मग या उत्तरेकडच्या बाईनं, जिनं दोन वर्षांत कुणाच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता, फिनमावशीला मिठी मारून जमिनीवरून वर उचललं.

“खाली ठेव गं, माझी कंबर!”

गुरुवारी सकाळी तिनं भिंतीवरची चौकट उतरवली, पुसली आणि फॉर्मबरोबर पिशवीत घातली. मला विचारायचा धीर झाला नाही.

समितीच्या बैठकीत फिनमावशी दरवेळी असायची, पण दाराजवळच्या खुर्चीवर, कागद वाटायला. डॉक्टर फ्रान्सेन यांनी यादी वाचली. ‘हृदय’ ८.४, अभिनंदन. ‘घरी सोडलं’ ५.३, दुसऱ्यांदा. “नियम स्पष्ट आहे,” ते म्हणाले, आणि ते कुत्सित नव्हते, दुःखी दिसत होते. “कुणाला काही बोलायचं आहे?”

“मला,” दाराजवळून आवाज आला.

सगळे वळले. ती उठून टेबलाशी आली आणि तिला बसायला जागा नव्हती म्हणून उभीच राहिली.

“डॉक्टर, हे आकडे मी अठरा वर्षं तुम्हाला आणून देतेय. त्यात एक चूक आहे आणि ती माझी आहे.”

मग तिनं सांगितलं. सगळं, क्रमानं. चाळीस फॉर्म, नेल्केची बेकरी, शहाण्णव फॉर्म, डाग, ढीग, टोपी, कालची दुपार. कागद फिरले. कुणीतरी हसलं, मग दुसरं कुणीतरी, मग हसू थांबलं, कारण प्रत्येकजण मनातल्या मनात आपापल्या ब्लॉकचा आकडा आठवत होता.

फ्रान्सेन यांनी चष्मा काढला.

“म्हणजे फिनमावशी, आमचे सगळे आकडे चुकीचे?”

“नाही डॉक्टर. आकडे बरोबर आहेत. ते व्लायचे आहेत.”

“माझे ८.४?”

“तुमच्याकडे दरवर्षी दोन व्लाय असतात.”

हे ऐकून ते मात्र मोठ्यानं हसले. पण अध्यक्ष होते, सोडणार नव्हते. “ठीक. समजा फरक दीड गुणाचा धरला. सीत्स्केचे ५.३ अधिक दीड, जेमतेम पास. तेवढ्यावर ब्लॉक चांगला ठरतो?”

“ते मला ठरवता येत नाही,” फिनमावशी म्हणाली. “मला वाचता येतं.” आणि तिनं सीत्स्केच्या गठ्ठ्यातला एक फॉर्म काढून उलटा केला आणि चोपन्न पायऱ्यांचं वाचलं. मग नगरपालिकेचं. मग ज्यानं ‘हा ब्लॉक संपत नाही’ म्हटलं होतं त्याचं. वाचताना तिचा आवाज टायपिंग करावं तसा सपाट होता. संपल्यावर तिनं ‘हृदय’मधले दहा फॉर्म टेबलावर पालथे मांडले. कोरे.

फ्रान्सेन यांनी त्यातला एक उचलला. तळहात फिरवून पाहिला, जसा ती फिरवायची. बराच वेळ त्यांच्या हाताला काहीच लागलं नाही.

“चिडलेत ही मुलं,” शेवटी ते सीत्स्केच्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाले. “माझ्यावर कधी कुणी एवढं चिडलं नाही.”

ब्लॉक राहिला. एक वर्ष, आणि पुढच्या वेळी फॉर्म आधी, व्लाय नंतर, सगळ्यांनाच. आणि अहवालात मागच्या बाजूचंही एक पान. एवढंच ठरलं. त्या दिवसांत तेवढंसुद्धा पुष्कळ होतं.

लोक उठायला लागले तेव्हा फिनमावशीनं पिशवीतून चौकट काढून फ्रान्सेन यांच्यासमोर ठेवली.

“हे परत घ्या. शहाण्णव टक्क्यांचं आहे. ते व्लायमुळे आले होते.”

“काल किती आले?”

“शंभर.”

“व्लाय नंतर देऊनसुद्धा?”

“निम्म्यांना नंतर. पण कपाटावर दिसत होती ना त्यांना, दाराच्या फटीतून.”

त्यांनी चौकट तिच्या हातात परत दिली. “टांगून ठेवा. नाहीतर भिंतीवर पांढरा चौकोन दिसेल.”

पुढच्या वर्षी ‘घरी सोडलं’ला ६.६ मिळाले आणि ‘हृदय’ला ७.१. सीत्स्के कायम झाली. त्या वर्षीच्या शेवटच्या बैठकीला तिनं स्वतः व्लाय आणली आणि दहा मुलांसाठी तिचे सोळा बारीक तुकडे केले. ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगितली जाते. “सोळा!” फिनमावशी म्हणायची. “भिंगातून बघून खायचे की काय?” तरी सीत्स्के दर मंगळवारी आमच्या कचेरीत कॉफीला यायची. तिचा बिस्किटांचा डबा आमच्या कपाटात राहायला लागला होता, झाकण उघडं.

फिनमावशी निवृत्त व्हायच्या आधीच गेली. १९९६चा मार्च, रविवार, प्रार्थनेहून आल्यावर, नेल्केच्या स्वयंपाकघरात, खुर्चीत बसल्या बसल्या. शुक्रवारी ती नेहमीसारखी कामावर होती. एक ब्लॉक संपला होता, फॉर्म सगळे आले होते, नंतरची व्लाय आम्ही दोघींनी उरलीसुरली खाल्ली होती. पुष्कळांनी मला नंतर विचारलं, ती शेवटी काय म्हणाली. तिनं कोट घातला, गठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला, दारापर्यंत गेली आणि वळली.

“चाकू भिजत घाल गं,” ती म्हणाली, “चेरी वाळली की निघत नाही.”